वाचनाची चाचणी आणि आईबापांची काळजी



मागील पंधरवड्यात जसोंडी येथील एका घरी आमचे जाणे झाले. पहिलीत जाणारा त्या घरचा मुलगा ओसरीवर तोंड लपवून बसला होता. चौकशी करिता कळले की, शाळेत वाचनाची चाचणी झाली आणि तीत त्याच्या नावापुढे ‘अक्षर’ एवढाच शेरा पडला. शेजारच्या मुलीच्या नावापुढे मात्र ‘शब्द’ असे लिहिले होते. “फादर, पोरगा पहिल्याच वर्षी नापास झाला. आता शाळा कशाला? माझ्याबरोबर केळीच्या बागेत येईल,” असे वडील रागाने म्हणाले. आई पदराने डोळे पुशीत होती. त्या उभयतांशी आमचे जे बोलणे झाले, तेच येथे विस्ताराने देत आहोत. कारण असा प्रसंग एकाच घरी येतो असे नाही.

पहिली गोष्ट ही की, ‘अक्षर’ म्हणजे नापास नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेत प्रवेश देताना मुलाची परीक्षा घेता येत नाही आणि पहिलीतून त्याला मागेही ठेवता येत नाही. मग ही चाचणी कशासाठी? अंगणवाडीत बाळाला काट्यावर ठेवतात, तशीच ही आहे. वजन केल्याने बाळ वाढत नाही. परंतु घास कोठे कमी पडतो हे आईला त्यावरून कळते. काट्यावर आकडा कमी दिसला म्हणून कोणी बाळाला मारीत नाही.

‘अक्षर’, ‘शब्द’ हे शेरे मूळचे कोठले, हेही जाणून घ्यावे. मुंबईत उदयास आलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून देशातील खेड्यांत ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे. पाहणी करणारा घरी येऊन मुलाजवळ बसतो व एक कागद पुढे ठेवतो. त्यावर सुटी अक्षरे, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि एक लहानशी गोष्ट असते. आरंभ परिच्छेदापासून होतो. तो नीट वाचता आला तर गोष्ट देतात. न आला तर शब्द, आणि शब्दही न आले तर अक्षरे. पाचांपैकी चार बरोबर आली म्हणजे ती पायरी मुलाने गाठली असे धरतात. थोडक्यात, मूल जिन्याच्या कोणत्या पायरीवर उभे आहे एवढेच हा शेरा सांगतो. ते तेथेच राहील, असे तो सांगत नाही.

आणि या जिन्यावर आपलेच मूल मागे आहे असे कोणी मानू नये. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे तेवीसच मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. हा आकडा समाधानाचा नाही, चिंतेचाच आहे. परंतु त्याचा दोष सहा वर्षांच्या लेकराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

सरकारने २०२१ साली ‘निपुण भारत’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची लहान वाक्ये वाचावीत आणि दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत, अशी अपेक्षा आहे. मिनिट का मोजतात, असे कोणी विचारील. जे मूल एकेक अक्षर जुळवीत वाक्याच्या शेवटी पोचते, ते तोवर वाक्याचा आरंभ विसरून जाते आणि अर्थ हाती लागत नाही, म्हणून. परंतु नुसते भरभर वाचणे हेही वाचन नव्हे. पाठ केलेला धडा पुस्तक उलटे धरूनही म्हणता येतो! वाचून झाल्यावर “यात काय झाले?” हा प्रश्न विचारावा, खरी चाचणी तीच.

आता आमच्या सीमेवरच्या गावांतील विशेष अडचण. आम्ही त्या मुलापुढे त्याचे हिंदीचे पुस्तक उघडले. ‘ख’ जवळच्या चित्रावर बोट ठेवून तो म्हणाला, “ससा.” ‘अ’ जवळचे चित्र पाहून म्हणाला, “डाळिंब.” दोन्ही उत्तरे खरी होती! परंतु पुस्तकाला हवे होते ‘खरगोश’ आणि ‘अनार’. चित्रावरून अक्षराचा नाद कळावा ही जी युक्ती, तीच घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला फसवते. लिपी एकच असल्याने ही अडचण मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे ‘शिक्षा’ म्हणजे दंड. हिंदीत तिचा अर्थ शिक्षण! मोठी माणसे जेथे अडखळतात, तेथे लहानांची काय कथा? भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे कलम १९५६ साली आपल्या राज्यघटनेत घातले गेले. ते याच कारणाने मोलाचे आहे.

म्हणून आईबापांनो, शेरा हाती आला की गुरुजींना अथवा बाईंना दोनच गोष्टी नम्रपणे विचाराव्यात: चाचणी कोणत्या भाषेत झाली, आणि आता पुढच्या पायरीसाठी घरी काय करावे? रोज संध्याकाळी पाव तास मुलाला जवळ घ्यावे. ज्यांना वाचता येते त्यांनी ओळीखाली बोट फिरवीत वाचून दाखवावे. ज्यांना येत नाही त्यांनी गोष्ट सांगावी व मुलाकडून ती पुन्हा सांगून घ्यावी. गोष्ट सांगता येणे ही वाचनाची पूर्वतयारीच आहे. ‘ससा’ आणि ‘खरगोश’ हे दोन्ही शब्द त्याला शिकवावेत. एक चूक व दुसरा बरोबर असे म्हणू नये. पुष्कळ दिवसांच्या प्रयत्नानंतरही अक्षरे ध्यानात राहत नसतील, तर आधी डोळे व कान तपासून घ्यावेत. आळशी म्हणून हिणवलेल्या मुलाला फळ्यावरचे दिसतच नसते, असेही कधी आढळते.

आणि शेजारच्या मुलीशी तुलना मुळीच करू नये. सगळी केळी एकाच दिवशी लावली तरी सगळे घड एकाच दिवशी कापणीला येत नाहीत, हे आम्ही त्या वडिलांना सांगावे असे नव्हते. ते आमच्याहून त्यांनाच अधिक ठाऊक होते. ते थोडे हसले. मग त्यांनी मुलाला ओसरीवरून हाक मारली आणि त्याचे दप्तर स्वतः उचलून आत नेले.