पलायनाची पूर्वसूचना

मुलीचे लग्न लांबले की तिच्या हाती एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ देऊन तिला नेमाने पारायणास बसवावे, ही आपल्याकडील जुनी रीत. त्या ग्रंथाची नायिका थोरल्या भावाने ठरविलेले स्थळ मोडून, ब्राह्मणाहाती द्वारकेस गुप्त पत्र धाडून, कौंडिण्यपुराच्या अंबिकेच्या देवळापासून लग्नाच्या तोंडावर पसार होते, याकडे मात्र पारायण सांगणाऱ्या माउलीचे लक्ष जात नाही. गेलेच तर ती गोष्ट देवाची म्हणून सोडून देते. कन्येने ग्रंथ मन लावून वाचला, तर काय करावे हे तिला पुरते उमगते. कागदपत्रे कोणती लागतात, एवढेच नाथांनी सांगितलेले नाही.

ती पुष्कळ लागतात. ठरवून होणाऱ्या लग्नात वराची जन्मतारीख ज्योतिष्याखेरीज सहसा कोणी विचारीत नाही. पळून जाणाऱ्यास मात्र वयाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे आणि तीन साक्षीदार यांची जुळवाजुळव करावी लागते, आणि शाळा सोडल्याचा दाखला बहुधा तीर्थरूपांच्या कपाटात कुलूपबंद असल्यामुळे, घर सोडण्याआधीचा खरा पराक्रम तो दाखला हस्तगत करण्याचाच असतो. दोघेही कायद्याच्या लेखी हिंदू असतील, तर जात कोणतीही असो, आळंदीची वाट मोकळी आहे: आधी लग्न, मागाहून नोंद. नोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका मागतात; ती नसल्यास तसे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. ज्या आळंदीने विठ्ठलपंतांच्या लेकरांकडे पैठणचे शुद्धिपत्र मागितले असे परंपरा सांगते, तिनेच आज घरच्यांनी नाकारलेल्यांवर तासाभरात अक्षता टाकाव्यात, हा काळाने उगविलेला मोठा गोड सूड होय.

परंतु दोघांचे धर्म भिन्न असले आणि कोणासही आपला धर्म सोडावयाचा नसला, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे दार ठोठवावे लागते. या कायद्याचे उपकार आम्हांस मान्य आहेत. त्याच्या १८७२ च्या पूर्वजाने वधूवरांकडून ‘आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही’ अशा नकारांची मालिकाच वदवून घेतली होती; स्वराज्यातल्या कायद्याने ती अट काढून टाकली. मात्र परक्या सरकारने नोटिशीनंतर चौदा दिवसांवर भागविले होते, तेथे आपल्या सरकारने तीस केले. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यावयाची, तेथे दोघांपैकी एकाचा तरी नोटिशीपूर्वी तीस दिवसांचा रहिवास हवा. नोटीस आली की विवाह अधिकाऱ्याने ती नोंदवहीत उतरवून कचेरीत ठळक जागी डकवावी. ती वही मागेल त्यास फुकट दाखवावी. आणि उभयतांपैकी कोणाचा कायमचा मुक्काम अन्य जिल्ह्यात असेल, तर एक प्रत तिकडे रवाना करून तेथील भिंतीवरही चिकटवावी. म्हणजे मुलगी नांदेडहून निघून पुण्यास येते, आणि तिच्या पाठोपाठ तिचा ठावठिकाणा सरकारी खर्चाने नांदेडास परत जातो.

हरकत घेण्याची कारणे कायद्याने मोजकीच ठेविली आहेत: पहिला नवरा वा बायको हयात असणे, वय अपुरे असणे, नाते निषिद्ध असणे, मन विकल असणे. ‘आमची नाचक्की होईल’ हे कारण त्यांत नाही. पण ज्याची नाचक्की व्हावयाची असते, तो हरकतीचा अर्ज लिहीत कधी बसतो? तो चार भाऊबंद जमवून थेट खोलीवर जातो, आणि त्या कामास तीस दिवस मुबलक होतात. उलट पहिली बायको गावी दडवून ठेवणाऱ्या महाभागाने आपल्याच धर्मातल्या दुसरीशी पाचशे पानांची पंगत उठवून लग्न लावले, तर त्याची पूर्वसूचना कोणत्याही भिंतीस मिळत नाही.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहास कुळाची वा पंचायतीची संमती लागत नाही असे बजावून, अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवारे काढण्याचा विचार करण्यास राज्यांना सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने, जोडप्याने स्वतः लेखी मागणी केल्याखेरीज नोटीस प्रसिद्ध करू नये, असा निर्वाळा दिला. कायद्याची कलमे मात्र जागच्या जागी आहेत. तेव्हा एका हाताने निवाऱ्याचे दार लावून घ्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने तोच पत्ता कचेरीच्या फळ्यावर लावावयाचा, असे हे दुहाती राजकारण चालू आहे. वय आणि पूर्वविवाह यांची चौकशी सरकारने अवश्य करावी, पण ती दप्तरात करावी. भिंतीवर करू नये.

रुक्मिणीच्या पत्राची एक प्रत रुक्मीच्या वाड्यावर डकविण्याची तरतूद तेव्हा असती, तर नाथांना ग्रंथ लिहावयास कारण उरले नसते, आणि उपवर मुलींच्या आयांना पारायणासाठी दुसरी एखादी पोथी शोधावी लागली असती.