घड्याळ धरणाऱ्यांचे काय?

थापलिंगच्या खंडोबाची पौष पौर्णिमेची यात्रा झाली, की जुन्नर-आंबेगावातल्या बैलगाडा शौकिनांच्या तोंडी एकच विषय : कुणाचा गाडा किती सेकंदांत गेला? बक्षीस गाडामालकाला, भंडारा बैलांवर, तेही योग्यच. पण घाटातले दगड वेचणारे, झेंडा दाखवणारे, घड्याळ धरणारे वर्षानुवर्षे तेच, आणि सारे बिनपगारी.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा मुभा दिली, ती अटींवर. बैलाला काठी-चाबूक लावायचा नाही. ही अट घाटावर पाळून घेणार कोण? हेच स्वयंसेवक. भावकीतल्या बड्या गाडामालकाच्या हातची काठी काढून घ्यायला छाती लागते. (तिथे निकालपत्र वाचून दाखवून भागत नाही!)

अशांना समारोपाच्या घाईत, निम्मी मंडळी उठून गेल्यावर शाल-श्रीफळ देणे हा सत्कार नव्हे. यात्रेच्या पत्रिकेवर पुढाऱ्यांच्या नावांची जंत्री असतेच; तिच्या वर या माणसांची नावे सेवेच्या वर्षांसह छापावीत. आणि घाटावर त्यांचा शब्द अखेरचा मानावा. सकाळी पंचाला हार घालायचा आणि दुपारी पाव सेकंदावरून त्याचीच गचांडी धरायची, हे आपण किती दिवस चालू देणार?