विजेचा पहारेकरी

यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुका हा काळ्या जमिनीचा व कपाशीचा मुलूख. मृगाचा पाऊस वाऱ्यासह आला, एखादी फांदी तारांवर पडली, कीं क्षणार्धांत गांवचे दिवे जातात, आणि "पाऊस आला नि वीज गेली" असें म्हणून आपण हळहळतों. परंतु पुष्कळदां ही वीज आपण होऊन गेलेली नसते. ती बुद्धिपुरस्सर तोडलेली असते. तोडण्याचा हुकूम देणारा पहारेकरी दूर उपकेंद्रांत बसलेला असतो. त्याचें नांव रिले. त्याचीच ओळख आज वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दोन तारा एकमेकींस चिकटल्या म्हणजे त्यांतून नेहमींच्या कित्येक पट प्रवाह धांवूं लागतो. तो चालू राहिला तर तारा वितळतील, ट्रान्सफॉर्मर जळेल. एवढा प्रवाह रिलेस झेपणारा नसतो. म्हणून करंट ट्रान्सफॉर्मर त्याची प्रमाणशीर लहान प्रतिकृति रिलेपुढें ठेवतो. प्रवाहानें ठरलेली मर्यादा ओलांडली, कीं रिले सर्किट ब्रेकरला हुकूम देतो व ब्रेकर मार्ग तोडतो. या हुकमासाठीं लागणारी वीज उपकेंद्रांतील बॅटरीची असते. ऐन संकटांत बाहेरच्या विजेचा भरंवसा काय?

परंतु नुसतें तोडणें म्हणजे शहाणपण नव्हे. बिघाडाच्या सर्वांत जवळच्या पहारेकऱ्यानें आधीं हालावें. मागच्यानें सुमारें ०.३ ते ०.४ सेकंद थांबावें, आणि पुढचा चुकला तरच आपण हात घालावा, असा नियम असतो. एकत्र कुटुंबांत धाकट्या जावेच्या कामांत थोरली उगाच हात घालीत नाहीं, पण लक्षही काढीत नाहीं, तसेंच हें. त्यामुळें एका शिवाराच्या बिघाडापायीं सारा तालुका अंधारांत जात नाहीं.

या विवेकांत चूक झाली तर काय होतें, हें ३० जुलै २०१२ च्या रात्रीं दिसलें. बीना–ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर बिघाड नव्हता, भार मात्र अतोनात होता. तेथील रिलेनें त्या भारासच बिघाड समजून वाहिनी तोडली. इतर कारणेंही होतींच. पण त्या घटनेपाठोपाठ उत्तर भारताचें जाळें कोसळलें. दुसऱ्या दिवशीं पूर्व व ईशान्य भारतही त्यांत सांपडले. महाराष्ट्र ज्यांत आहे तें पश्चिमेचें जाळें मात्र टिकलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. घरांतील फ्यूज किंवा एम.सी.बी. हा या साखळीचा शेवटचा पहारेकरी. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार घालणें म्हणजे पहारेकऱ्यास अफू देऊन निजविणें होय! मग घरांतला बिघाड घरांत न थांबतां बाहेर जातो, आणि शेजाऱ्यांचे दिवेही घालवितो.

आणखी एक गोष्ट गृहिणींनीं व शेतकरी बंधूंनीं ध्यानांत धरावी. उपकेंद्रांतील रिले मोठे प्रवाह ओळखतो. माणसाचा जीव घेण्यास मात्र अँपिअरचा अल्पसा अंशही पुरतो. कोरड्या जमिनीवर तुटून पडलेल्या तारेंतून कधीं इतका थोडा प्रवाह वाहतो, कीं रिलेस त्याचा पत्ताही लागत नाहीं. म्हणून पडलेली तार मेलेली आहे असें कधींही समजूं नये. दूर राहून वीज कचेरीस कळवावें. घरांत ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा, व त्यावरील चांचणीची कळ अधूनमधून दाबून पाहावी. दूरचा पहारेकरी जाळ्याची राखण करतो. घरच्या माणसांची राखण घरच्याच पहारेकऱ्यानें केली पाहिजे.