नदी कोणत्या महिन्यातली काढायची?

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, गणपती दहा-बारा दिवसांवर आलेले असताना, विश्वामित्रीचे पाणी बडोद्यातील अनेक घरांत शिरले. पुढच्या पावसाळ्याआधी नदी खोल व रुंद करण्याचे मोठे काम झाले. मात्र नदीची जागा कुठवर, हा प्रश्न नुसत्या खोदकामाने सुटत नाही. तो आधी नकाशावर सोडवावा लागतो.

मे महिन्यातले उपग्रहचित्र पाहिले तर विश्वामित्री एक बारीक रेघ दिसते. तीच रेघ नकाशावर नदी म्हणून उमटली की भोवतालची सखल जमीन 'मोकळी' ठरते. तिथे भराव पडतो, इमारती उभ्या राहतात. पावागडकडून येणारे पाणी पूर्वी जिथे पसरून थांबत असे, ती काठची कोतरे आणि तळी नकाशातून आधी पुसली जातात, जमिनीवरून नंतर. भुखी, रूपारेल, मसिया या कांसांचा उल्लेखही आपल्या बोलण्यात येतो तो त्या तुंबल्यावरच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये नदीचे पूरक्षेत्र आखून ते जपण्याचे निर्देश दिले, त्यामागचे कारण हेच.

पण समोच्चरेषांचा तांत्रिक नकाशा किती जणांना वाचता येतो? इथे चित्रकलेचे काम सुरू होते. नदीपासून जवळच असलेल्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांचे 'गंगावतरण' हे भित्तिचित्र आहे. शंकराने गंगेचा वेग जटांत अडवला, ही त्यामागची कथा. विश्वामित्रीच्या जटा म्हणजे तिची कोतरे, हे लहान मुलालाही पटेल. ललितकलांचे नामांकित विद्यालय असलेल्या या शहरात असे चित्र काढणाऱ्यांची वाण नाही.

आपले मंडळ एवढे तरी करू शकते. येत्या गणेशोत्सवात एका भिंतीवर आपल्या भागाचा मोठा नकाशा रंगवावा. त्यावर २०२४ ची पूररेषा काढावी, ज्येष्ठांना आठवणारी तळी आणि कांस दाखवाव्यात. गुगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रे विनामूल्य पाहता येतात, त्यांच्याशी या आठवणी ताडून घ्याव्यात. स्मृती आणि मोजमाप वेगळ्या रंगांत ठेवावे, म्हणजे कोणाला शंका घेता येणार नाही.

आपले घर त्या रेषेच्या आत दिसले, तर वाईट वाटेल हे खरे. पण घर घेण्याआधी ती रेषा पाहायला मिळणे, हा पुढच्या पिढीचा हक्क आहे.