वळिवड्याचे पोलिश पाहुणे

गांधीनगरच्या पेठेंत कापड घेतांना आपण कोणाच्या जुन्या वस्तींत उभे आहों, याची जाणीव कोल्हापूरकरांस क्वचितच असते. फाळणीनंतर सिंधी बांधव येथें आले. तत्पूर्वीं, १९४३ पासून, याच वळिवड्याच्या माळावर सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुलेंच अधिक. युरोपांतील हीं माणसें करवीर संस्थानांत कां यावीं, हें तत्कालीन तहांच्या तारखांवरून कळतें.

ऑगस्ट १९३९ मध्यें जर्मनी व रशिया या हाडवैऱ्यांनीं अनाक्रमणाचा करार केला आणि पुढच्याच महिन्यांत पोलंड वांटून घेतला. कौटिल्याच्या षाड्गुण्यांतील द्वैधीभाव, म्हणजे एकाशीं संधि व दुसऱ्याशीं विग्रह, तो हाच. रशियाच्या वांट्यास आलेल्या भागांतून कित्येक लाख माणसें सायबेरियांत व कझाकस्तानांत हांकलून दिलीं गेलीं.

२२ जून १९४१ रोजीं हिटलरनें रशियावरच चाल केली. झालें! कालचा वैरी मित्र ठरला. ३० जुलैस लंडनमध्यें पोलिश सरकारचा रशियाशीं तह झाला व या हद्दपारांना 'माफी' मिळाली. माफी कोणत्या अपराधाची, हें कोणीं विचारलें नाहीं. मास्तरकी केलेल्यास शब्द तपासण्याची खोड असते; पण या एका शब्दांत सगळी राजनीति दिसते. त्या माफीमुळें १९४२ मध्यें लाखाहून अधिक पोल इराणांत पोंचले. त्यांतले कांहीं पुढें वळिवड्यास आले.

त्यांनीं येथें शाळा चालविल्या, चर्च उभारलें, नाटकें केलीं. पण वस्ती वसत होती त्याच वर्षीं, एप्रिल १९४३ मध्यें, कातिनच्या अरण्यांत पोलिश अधिकाऱ्यांचीं प्रेतें सांपडल्याचें जर्मनीनें जाहीर केलें. पोलिश सरकारनें रेडक्रॉसकडे चौकशी मागितली. तेवढ्यावरून स्टालिननें संबंध तोडले. ती कत्तल सोव्हिएट पोलिसांचीच, हें मॉस्कोनें १९९० मध्यें कबूल केलें. पोलंडसाठींच युद्धांत उतरलेल्या इंग्लंडला तेव्हां रशियाचें सैन्य हवें होतें. त्यानें मौन पत्करलें.

फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें पूर्व पोलंड रशियाला मिळाला. जुलैंत इंग्लंडनें लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या नव्या सरकारला दिली. वळिवड्यांतील बहुतेकांचीं घरें त्या पूर्व भागांतलीं. जिंकणाऱ्यांच्या पक्षाचीं माणसें, पण परतावयास गांव उरलें नाहीं!

१९४८ पर्यंत वस्ती उठली. पुष्कळजण इंग्लंडास गेले, कांहीं पोलंडांत परतले. वॉर्सांत आज कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक आहे. जे कोठेंच जाऊं शकले नाहींत, त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमींत आहेत.