परिहार संपला, आलोचनेचं काय?



तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे ९ प्रकार सांगितले आहेत. त्यातला परिहार म्हणजे चुकलेल्या साधूला ठरावीक काळ संघाबाहेर ठेवणं. अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल खेळाडूला निलंबित करतात, तेही मला तसंच वाटतं. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात आणि किती यार्ड पळाला ते मोजतात.

जो मिक्सन हा ओक्लाहोमा विद्यापीठाचा असा खेळाडू. जुलै २०१४ मध्ये एका खाणावळीत बाचाबाची झाली. त्याने एका विद्यार्थिनीला असा ठोसा मारला की तिच्या चेहऱ्याची हाडं मोडली. कोर्टात त्याने गुन्हा कबूल न करता शिक्षा मान्य केली. १०० तास समाजसेवा आणि समुपदेशन अशी ती शिक्षा होती. विद्यापीठाने एक हंगाम बाहेर ठेवलं. २०१५ मध्ये तो परतला, यार्डांचा हिशोब सुरू झाला आणि ती मुलगी मागे पडली.

सगळेच पत्रकार गप्प होते असं नाही. तिथल्या वृत्तवाहिन्यांची संघटना त्या प्रसंगाच्या चित्रफितीसाठी कोर्टात गेली. डिसेंबर २०१६ मध्ये ती चित्रफीत लोकांनी पाहिली. त्यानंतर आठवडाभरात तो पत्रकारांसमोर बसला आणि त्याने माफी मागितली. म्हणजे परिहार आधी संपला, पत्रकारांसमोरची माफी मागाहून आली, तीही चित्रफीत बाहेर पडल्यावर.

आपल्या ९ प्रकारांत पहिली येते ती आलोचना. गुरूंसमोर, काही न लपवता, आपला दोष आपल्या तोंडाने सांगायचा. ती नसेल तर बाहेर काढलेले दिवस नुसते दिवसच राहतात.

म्हणून मला वाटतं, परतणाऱ्या खेळाडूची बातमी देणाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात. याने दोष सांगितला का? जिला दुखावलं तिची क्षमा मागितली का? आणि ती आज कशी आहे? यार्ड त्यानंतर मोजा.

दुसरी बाजूही आहे. ज्याने हे सगळं मनापासून केलं, त्याला जन्मभर तोच शिक्का लावू नये. परिहारानंतर उपस्थापना आहे, म्हणजे पुन्हा दीक्षा. आपल्या धर्माने परतीचं दार बंद केलेलं नाही.

आपल्या घरीही असंच होतं. मुलाने बहिणीवर हात उगारला, दोन दिवस अबोला झाला. तेवढ्यात त्याचा निकाल लागला, पहिला आला, घरात पेढे वाटले. बहिणीला कुणी काही विचारलंच नाही. क्षमावाणीला आपण गावभर फोन करून क्षमा मागतो. यंदा पहिली क्षमा घरातल्या घरात मागायला लावू या, आणि पेढे त्यानंतर वाटू या.