कार्ड आहे, पण औषधांचे काय?

आपल्या मंडळातल्या बऱ्याच ज्येष्ठांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घेतले आहे. ज्यांनी अजून काढले नसेल त्यांनी जरूर काढावे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या या योजनेत ७० वर्षांवरील कोणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. पेन्शनर असोत की बंगल्यात राहणारे असोत, अट फक्त वयाची. मोठ्या ऑपरेशनच्या भीतीने ज्यांची झोप उडत होती, त्यांना हा खरोखरच आधार आहे.

पण कार्ड हातात आले की "आता आजारपणाची काळजी मिटली" असे आपण म्हणू लागतो, आणि तिथेच हिशेब चुकतो. कारण हे कार्ड चालते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी आल्यानंतरचे १५ दिवस यांचा खर्च त्यात धरलेला आहे. सोळाव्या दिवसापासून पुढची औषधे, दर तीन महिन्यांच्या तपासण्या आणि डॉक्टरांची फी आपली आपण भरायची. खासगी विम्याच्या बहुतेक पॉलिसींचेही थोड्याफार फरकाने असेच आहे.

एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, इंदूरमधल्या एका घरात सत्तरी ओलांडलेले पती-पत्नी आहेत. दोघांना रक्तदाब, एकाला मधुमेह, दुसऱ्याची अँजिओप्लास्टी झालेली. औषधांना महिन्याला ४,००० रुपये धरले तर वर्षाचे ४८,००० झाले. तिमाही तपासण्यांचे ३,००० प्रमाणे १२,०००. दोघांची डॉक्टरांची फी तिमाहीला १,४०० म्हणजे ५,६००. एकूण ६५,६०० रुपये, आणि या वर्षात कोणी एक दिवसही दाखल झालेले नाही. दहा लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७० हजार व्याज येते. म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या दहा लाखांचे जवळजवळ सगळे व्याज मेडिकलच्या दुकानात जाते. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांची अवस्था आणखी कठीण, कारण ईपीएस-९५ची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवरच आहे.

रुग्णालयाचे बिल एकदम येते, म्हणून ते दिसते. त्यासाठी मुले पुण्याहून, बंगळुरूहून पैसे पाठवतात, नातेवाईक धावून येतात. औषधांचे बिल थोडेथोडे येते, म्हणून ते कोणी विचारत नाही आणि आई-वडीलही सांगत नाहीत. मग कधी गोळी एक दिवसाआड घेतली जाते, कधी तपासणी "पुढच्या महिन्यात करू" म्हणून राहून जाते. अशी वाचवलेली गोळी पुढे अर्धांगवायूच्या किंवा किडनीच्या रूपाने मोठे बिल घेऊन येते.

देशाचे चित्र काही प्रमाणात सुधारले आहे, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ६४.२ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. मात्र हा आकडा वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे ते कोविडचे वर्ष होते आणि सरकारी खर्च वाढलेला होता. दुसरी अशी की खिशातल्या खर्चाचा वाटा कमी झाला म्हणजे रक्कम कमी झालीच असे नाही. सरकारी खर्च वेगाने वाढला तरी वाटा घटतो. त्या वर्षी सरकारचा आरोग्यखर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

करातही सवलत मिळाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आणि बहुतेक औषधांवरचा १२ वरून ५ टक्के झाला. चांगलेच झाले. पण औषधांच्या खर्चात खरा फरक पडतो तो कोणती गोळी घेतो यावर.

मधुमेहावरच्या एम्पाग्लिफ्लोझिनचेच पाहा. मूळ कंपनीची गोळी साधारण ६० रुपयांना एक पडत असे. मार्च २०२५ मध्ये भारतातले पेटंट संपले आणि अनेक भारतीय कंपन्यांनी तेच औषध बाजारात आणले, काहींनी तर दहा रुपयांच्या आत. रोज एक गोळी धरली तरी महिन्याला हजार-दीड हजारांचा फरक. पण जुनी चिठ्ठी दाखवून जुनाच ब्रँड घेणाऱ्याला हा फरक कळणारच नाही. दुकानदार आपण होऊन सांगत नाही, डॉक्टरांना गर्दीत आठवत नाही आणि विचारायला आपल्याला संकोच वाटतो.

म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधे पिशवीत घालून न्या आणि सरळ विचारा: "यातले अजून कोणते लागते? कोणत्याचे स्वस्त जेनेरिक चालेल?" स्वतःच्या मनाने मात्र काहीही बदलू नका, बंद तर मुळीच करू नका. जनऔषधी केंद्रात बरीच नेहमीची औषधे ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त मिळतात. रक्तदाब आणि साखरेची साधी औषधे संजीवनी क्लिनिक, आयुष्मान आरोग्य मंदिर आणि सरकारी रुग्णालयांत मोफत मिळू शकतात. तिथे जाण्यात कमीपणा कसला? ६० वर्षांवरील ज्यांचा आरोग्यविमा नाही, त्यांच्या उपचारखर्चावर जुन्या करपद्धतीत ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. त्यासाठी पैसे रोख न देता ऑनलाइन किंवा चेकने द्यावेत आणि बिले जपून ठेवावीत.

आजारी आई-वडिलांना आपण पुष्कळदा मुलांकडे पुण्या-मुंबईला नेतो. आयुष्मान कार्ड तिथल्या योजनेत असलेल्या रुग्णालयांतही चालते, पण निघण्यापूर्वी त्या रुग्णालयात फोन करून तो उपचार तिथे होतो का, याची खात्री करून घ्यावी.

मंडळाला एक सुचवावेसे वाटते. आपण दरवर्षी तपासणी शिबिरे घेतो, त्यात रक्तदाब मोजतो, साखर पाहतो. त्याच टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडावे. आपल्यातले निवृत्त डॉक्टर आणि फार्मासिस्ट तिथे बसतील, लोकांच्या चिठ्ठ्या पाहतील आणि स्वस्त पर्यायांबद्दल डॉक्टरांना काय विचारायचे ते लिहून देतील. तरुण मुले कार्ड काढायला मदत करतील. याला देणगी लागत नाही, दोन तासांचा वेळ लागतो.

आणि बाहेर राहणाऱ्या मुलामुलींसाठी एवढेच: रविवारच्या फोनवर "तब्येत कशी आहे?" असे विचारल्यावर उत्तर "बरी आहे" असेच येते. त्याऐवजी "या महिन्याचे मेडिकलचे बिल किती झाले?" असे विचारून पाहा.